बशीवाल्या बाई

बशीवाल्या बाई प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहूनच सांगायच्या की आत कुणाचं तरी यीस्ट बिघडलंय. चप्पल काढायच्या आधी त्या एकदा हवा हुंगत. चांगल्या यीस्टला पावाच्या भट्टीजवळ येतो तसा वास असतो. त्यात जिवाणू शिरले की तो वास आधी आंबूस होतो, मग ओल्या मोज्यांसारखा. आम्हाला हा फरक दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचा. बाई म्हणायच्या, "तिसरी फळी, डावीकडची बाटली. ओतून टाक." एकदा मी म्हटलं, "बाई, आधी बघून तर घेऊ." त्या म्हणाल्या, "बघ की. तोवर मी हात धुऊन येते." मी बघितलं, आणि त्या हात धुऊन आल्या तेव्हा बाटली रिकामी होती.

बाईंना हे नाव आमच्या कॉलेजच्या शिपायाने दिलं. पेट्री डिश हा शब्द त्याच्या तोंडात बसत नसे, तो तिला बशी म्हणायचा, आणि बाईंच्या हातात दिवसभर बशीच असायची. कर्जतच्या त्या कॉलेजात येण्याआधी बाई वीस वर्षं मुंबईतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत होत्या. तिथली जागा सोडून इथे का आल्या, याबद्दल स्टाफरूममध्ये बरेच तर्क चालत. मी सरळ विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तिथे माझ्या हाताखाली सहा जण होते. मी बशा बघायचं बंद केलं होतं." एवढंच कारण त्यांना पुरेसं वाटत होतं.

मी एम.एस्सी. झाल्यावर त्यांच्या प्रकल्पात सहायक म्हणून लागले. आमचं गाव खालापूरजवळ. रोज एसटीने कर्जतला जायचं, संध्याकाळी परत. मुलाखतीत बाईंनी माझे गुण पाहिले नाहीत. "तुला कंटाळा येतो का?" असं विचारलं. मी अर्थातच नाही म्हटलं. "येईल," त्या म्हणाल्या. "आला की सांगायचं. लपवायचं नाही."

त्यांचा विषय होता पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी बिनचूक कशी होते हा. यीस्टच्या पेशीत सोळा गुणसूत्रं असतात. पेशी दुभंगण्याआधी प्रत्येकाची नक्कल तयार होते, आणि मूळ एकीकडे, नक्कल दुसरीकडे अशी वाटणी व्हावी लागते. प्रत्येक गुणसूत्रावर एक ठरावीक जागा असते, तिला गुणसूत्रबिंदू म्हणतात. त्या जागेवर कितीतरी प्रथिनं मिळून बसतात आणि पेशीच्या टोकांकडून येणारे धागे पकडतात. जोडीला दोन्ही बाजूंनी ताण बसला की पकड पक्की होते. दोन्ही धागे चुकून एकाच बाजूचे आले तर ताण बसत नाही, मग पकड सुटते आणि पुन्हा धरली जाते. सोळांतलं एक जरी पकडायचं राहिलं तरी पेशी दुभंगायची थांबते. त्या प्रथिनांपैकी एकाच्या मागे बाई अकरा वर्षं होत्या. ते काढून टाकलं तर वाटणीत किती चुका होतात, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

वर्गात हे शिकवताना त्या कुठलीही उपमा चालवून घेत नसत. एका मुलाने उत्तरात लिहिलं होतं की दोन्ही बाजूंचे धागे म्हणजे शर्यतीच्या गाडीचे दोन बैल. बाईंनी समासात लिहिलं, "पेशीत बैल नसतात. प्रथिन ओढतं तर प्रथिनच म्हणा." मुलं हसली. बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. जे जसं आहे तसं समजायला फार तर जास्त वेळ लागेल, असं त्यांचं म्हणणं.

आमचं रोजचं काम मोजण्याचं. आमच्या यीस्टमध्ये सोळांशिवाय गुणसूत्राचा एक जादा तुकडा घातलेला होता. तो तुकडा असेपर्यंत पेशी पांढरी राहते आणि वाटणीत हरवला की लाल होते. बशीवर एकेक पेशी वाढून नाचणीच्या दाण्याहून जरा मोठा ठिपका तयार होतो. बहुतेक ठिपके पांढरेशुभ्र असत, आणि एखाद्यात कापलेल्या फळाच्या फोडीसारखी लाल फोड दिसे. अशा फोडी मोजायच्या. एका बशीवर दोनशे-तीनशे ठिपके आणि अशा बशांच्या चळती. "अंदाजे" हा शब्द बाईंसमोर कुणी उच्चारत नसे. वहीत आकडा खोडला तर तो का खोडला ते बाजूला लिहायचं, असा नियम होता.

तिथल्या माझ्या दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका आठवड्यात बाईंनी माझी वही मिटली आणि विचारलं, "या बशा तू मोजल्यास का?"

मी हो म्हटलं.

"सलग नऊ बशांमध्ये आकडे इतके सारखे येत नाहीत. मनीषा, कंटाळा आला का?"

मला रडू आलं. कंटाळा आला नव्हता. पाच महिन्यांपूर्वी माझ्या वहिनीला मुलगी झाली होती. जन्मल्यावरच दवाखान्यातल्या डॉक्टरांना शंका आली, रक्त तपासायला गेलं आणि डाऊन सिंड्रोम असल्याचा रिपोर्ट आला. वहिनी मोहोपाड्याच्या बाजूला एका औषध कंपनीत गोळ्या डब्यांत भरायच्या कामाला होती. सातव्या महिन्यापर्यंत ती जात होती, आणि माझ्या आईला ते पहिल्यापासून पसंत नव्हतं. रिपोर्ट आल्यावर आईने एकच धरलं, की कंपनीतल्या औषधांमुळे झालं, मी सांगत होते तरी ही गेली. रोज तेच. शेवटी बारशाच्या निमित्ताने वहिनी माहेरी गेली ती परत आली नाही. दादा आणायला गेला नाही. चार महिने झाले होते. मी बशीसमोर बसायचे आणि मला लाल-पांढरं काहीच दिसायचं नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या आठवड्याच्या सगळ्या बशा त्यांनी टाकून द्यायला सांगितल्या. मग विचारलं, "तू घरी काय सांगितलंस?"

"काही नाही."

"का?"

मी दिवसभर गुणसूत्रांच्या वाटणीवर काम करत होते आणि घरी गेल्यावर भांडण नको म्हणून गप्प बसत होते.

"रिपोर्ट घरी आहे ना?" बाई म्हणाल्या. "रविवारी मी येते."

"बाई, आई वाटेल तसं बोलेल तुम्हाला."

"त्याचा काय संबंध?"

रविवारी त्या एसटीने खालापूरला उतरल्या आणि तिथून मिनिडोर रिक्षात चार माणसांच्या मधे बसून आमच्या गावात आल्या. हातात स्टीलचा डबा होता. आईला वाटलं, काहीतरी खाऊ आणला असेल. आईने त्यांना ओटीवर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "तुमी डॉक्टर हाय का?"

"माणसांची नाही."

"मंग कशाच्या?"

"पावात घालतात ना, त्या यीस्टची."

आईने माझ्याकडे बघितलं. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. बाईंनी डबा उघडून चिकटपट्टीने बंद केलेल्या तीन बशा काढल्या आणि आईपुढे ठेवल्या. मला वाटलं, आता त्या व्याख्यान देणार. त्या म्हणाल्या, "झाकण उघडू नका. नुसतं बघा आणि काय दिसतं ते मला सांगा."

आईची नजर आयुष्यभर तांदळातले खडे वेचून तयार झालेली. तिने बशी उजेडाकडे धरली. "पांढरं ठिपकं हायत. ह्या एकात लाल फोड हाय. बारीक."

"एका पेशीपासून हा अख्खा ठिपका झाला. ती दुभंगताना वाटणीत चूक झाली की लाल रंग येतो. बारीक फोड आहे, म्हणजे चूक उशिरा झाली."

आईने बशी फिरवली. "आन ह्यो अर्धा लाल हाय."

"त्यात पहिल्याच वाटणीला चूक झाली."

"ह्यो तर सगळाच लाल."

"तो बशीत टाकायच्या आधीच चुकलेला होता. बशीत त्याला काही झालं नाही."

मग बाईंनी दादाला रिपोर्ट आणायला सांगितला. त्यांनी तो आईच्या मांडीवर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. "माणसात गुणसूत्रं सेहेचाळीस असतात. यांनी तुमच्या नातीच्या रक्तातल्या पेशी एकेक करून मोजल्या. जितक्या मोजल्या त्या सगळ्यांत सत्तेचाळीस निघाली. माझ्या यीस्टमध्ये एक तुकडा कमी होतो, हिच्यात एक जास्त आहे. पण चूक वाटणीचीच."

"सगळ्यांत?" आईने विचारलं.

"सगळ्यांत."

आईने तो सगळा लाल ठिपका असलेली बशी पुन्हा उजेडाकडे धरली. मग म्हणाली, "म्हंजी बशीत टाकायच्या आधीचं हाय हे."

"हो. ती पोटात राहिली त्या दिवशीच ते असं होतं. त्यानंतर तुमची सून कुठे कामाला गेली, काय खाल्लं, याने त्यात काही फरक पडला नाही."

मी कॉलेजात दोन वर्षं मुलांना जे शिकवायला मदत करत होते, ते माझ्या आईने पंधरा मिनिटांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगितलं. पण आई एवढ्यावर सोडणारी नव्हती. "पोटात राहायच्या आधी म्हंजी हिच्याच अंगात ना?"

इथे बाई दुसरं काही बोलल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ही चूक बहुतेक वेळा आईच्या बीजात होते. कधी कधी वडिलांच्या. तुमच्या बाबतीत कुठे झाली, ते या कागदावरून सांगता येत नाही."

"बघा! आईच्याच—"

"आये, थांब," दादा म्हणाला. चार महिन्यांत या विषयावर तो पहिल्यांदा बोलत होता. "सांगता येत नाय म्हणल्या ना त्या? मंग माज्याकडून पण झालं आसंल."

दादा चौकट सोडून आत आला आणि खाली बसला.

बाई तोवर फाइलचं पुढचं पान वाचत होत्या. "चूक कुणाचीच नाही," त्या पानावरून नजर न काढता म्हणाल्या. "यात मुलीच्या हृदयाचा इको करून घ्यायला लिहिलंय. केला का?"

आईने दादाकडे बघितलं, दादाने माझ्याकडे.

"अशा मुलांपैकी बऱ्याच जणांच्या हृदयात दोष असतो. दूध पिताना तिला धाप लागते का? घाम येतो?"

ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मुलगी माहेरी होती आणि फाइल आमच्या कपाटात. इंग्रजी वाचता येणारी घरात मी एकटी. मी फाइलचं पहिलं पान पाच-सहा वेळा वाचलं होतं, दुसरं एकदाही उलटलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. नंतर प्रयोगशाळेतही कधी तो विषय काढला नाही. त्यांनी ओरडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

दादाने त्याच पावली मोटरसायकल काढली. वहिनीचं माहेर कर्जतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. तिथे काय झालं ते वहिनीने मला फार नंतर सांगितलं. मुलगी, म्हणजे सई, दूध पिताना घामाने भिजायची, मधेच सोडून द्यायची. तिथल्या डॉक्टरने सर्दीचं औषध दिलं होतं. दादाने बाईंचं आणि इकोचं सांगितल्यावर वहिनी एवढंच म्हणाली, "तुमी चार महिने चूक शोधत बसलात. पोरीचं काळीज कोणी बघितलं नाय. त्या बाई आल्या नसत्या तर?" ती निघाली, पण आमच्या घरी आली नाही. तिथून ते थेट पनवेलला गेले. इकोत हृदयाला मोठं छिद्र निघालं. सई आठ महिन्यांची असताना मुंबईत ऑपरेशन झालं. त्या दिवशी आई आणि वहिनी दवाखान्याच्या बाकावर सहा तास शेजारी शेजारी बसल्या होत्या. बोलल्या नाहीत, पण आईने डब्यातून आणलेली भाकरी वहिनीने खाल्ली. सई बरी झाली आणि वहिनी घरी परत आली.

बाई आमच्या घरी पुन्हा कधी आल्या नाहीत. मी पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी एक खाल्ला आणि टाकून दिलेल्या बशा पुन्हा कधी लावणार ते विचारलं. मी लावल्या, आणि एकेक फोड मोजली. पुढे दोन वर्षांनी त्यांचा शोधनिबंध छापून आला, त्यात माझंही नाव होतं. निष्कर्ष असा होता की ते प्रथिन काढून टाकल्यावर चुका वाढतात, पण फार नाही, कारण बाकीची प्रथिनं बरंचसं सांभाळून घेतात. प्राचार्यांनी अभिनंदनाची सभा घेतली. परत येताना बाई जिन्यात मला म्हणाल्या, "अकरा वर्षं मला वाटत होतं, हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. नाही निघालं. बरं झालं कळलं." त्यांच्या आवाजात खंत होती का, ते मला ठरवता आलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्या धाकट्या बहिणीकडे साताऱ्याला जाणार होत्या. सामान हलवायच्या दिवशी मी मदतीला निघाले, तर वहिनी म्हणाली, "मी पण येते." सईलाही तिने बरोबर घेतलं. सई तेव्हा चार वर्षांची होती. वहिनीने बाईंना तोपर्यंत पाहिलेलं नव्हतं.

कर्जतला बाईंच्या भाड्याच्या खोलीसमोर टेंपो उभा होता. पुस्तकांची खोकी चढवून झाली होती. वहिनी बाईंच्या पाया पडायला वाकली, तेव्हा बाई दोन पावलं मागे सरकल्या. सईने टेंपोच्या चाकाला हात लावून काळे केले आणि ते बाईंच्या साडीला पुसले. बाईंनी तिचे ओठ आणि नखं निरखून बघितली, निळेपणा नाही याची खात्री केली आणि मान हलवली.

मग वहिनी म्हणाली, "बाई, एक विचारू? मी तवा कंपनीत गेले नसते, तर ही वेगळी झाली असती का?"

"नाही," त्या म्हणाल्या.

"थोडी पण?"

"थोडीही नाही."

"हे मला कोणी सांगितलं नाय," वहिनी म्हणाली.

मला तिथे उभं राहवेना. त्या रविवारी ओटीवर आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं होतं. आईला पटलं, दादाला पटलं, आईने नंतर कंपनीचं नाव काढायचंही सोडलं. पण त्या दिवशी वहिनी घरात नव्हती. पुढे प्रत्येकाला वाटलं, तिला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल. दादाने तिला छिद्राचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं. ती पुन्हा कामाला का जात नाही, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. त्या रविवारनंतरही साडेतीन वर्षं ती मनात धरून होती की पोरीला आपणच असं केलं.

बाईंनी टेंपोवाल्याला हाक मारली. "अर्धा तास थांबा."

"मॅडम, घाटात गर्दी होईल."

"होऊ दे."

त्या पायरीवर बसल्या, वहिनीला शेजारी बसवलं आणि रद्दीतल्या वर्तमानपत्राच्या समासात पेनने एक वर्तुळ काढलं. बशा आता नव्हत्या. त्यांनी पहिल्या पेशीपासून सुरुवात केली. वहिनी मधे मधे विचारत होती आणि बाई पुन्हा मागून सांगत होत्या. सई टेंपोवाल्याच्या मांडीवर जाऊन बसली. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. शेवटी वहिनीने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. बाई टेंपोत चढल्या, खिडकीची काच वर केली, आणि गाडी चौकातून वळून गेली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ती त्यांची सवय नव्हती.

पुढच्या महिन्यात वहिनी त्याच कंपनीत कामावर रुजू झाली. पहिल्या दिवशी सईला कडेवर घेऊन आई तिला बसपर्यंत सोडायला गेली. हे कळवायला मी साताऱ्याला फोन लावला. बाईंनी ऐकून घेतलं, "बरं," म्हणाल्या. मला वाटलं, आणखी काही बोलतील. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "सईचा थायरॉइड या वर्षी तपासला का? अशा मुलांचा दरवर्षी तपासावा लागतो."

"नाही, बाई."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.